आबांनी गोळी सोडली तेव्हा

आबा, तुमच्या गळ्याला गाठ आली आहे हे आपल्या घरात कोणाच्याच आधी लक्षात आले नाही. ते आले तुमच्या श्रोत्यांच्या. रोज सायंकाळी देवळात जे तासभर तुमच्या मुखाकडे पाहत बसत, त्यांच्याच ते ध्यानी यायचे. पहिल्या रांगेत खांबाला टेकून बसणाऱ्या अक्का तुम्हाला आठवतीलच. नरडाण्याकडच्या, यजमान गेल्यावर जळगावात आपल्या गल्लीत मुलाकडे येऊन राहिलेल्या. एके दिवशी पोथी संपल्यावर त्या नमस्काराला वाकल्या आणि वाकलेल्या तशाच वर पाहत म्हणाल्या, "आबा, तुमना गयामा काय शे? पाणी पेतस तवय वरखाले व्हस." तुम्ही हसून म्हणालात, "अक्का, अर्धवट राहिलेली कथा अडकली असेल." लोक हसले. अक्का हसल्या नाहीत. "कथा नही शे ती. डाक्टरले दाखाडा," असे म्हणून त्या पायऱ्या उतरल्या. त्यांच्या त्या एका वाक्यामुळे तुम्ही वेळेत मुंबईला पोहोचलात, हे तुम्ही पुढे कितीदा तरी बोलून दाखवलेत.

शस्त्रक्रियेत गळ्यातली थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढली. कर्करोग होता, पण त्यातल्या त्यात सौम्य जातीचा, असे तिथले डॉक्टर म्हणाले. त्यानंतर पहाटे स्नान आणि संध्या यांच्यामध्ये एक बारीक पांढरी गोळी तुमच्या नित्यकर्मात येऊन बसली. गेलेल्या ग्रंथीचे काम ती गोळी करते, म्हणून ती आयुष्यभर घ्यायची. "चला, एक देवता वाढली," असे म्हणून तुम्ही तिला पळीभर पाण्याबरोबर गिळत असा. मग तो उन्हाळा आला. मी शिकवत होते त्या शाळेला सुटी लागल्यामुळे मी, तुमची लेक, धुळ्याहून, देवपुरातले माझे घर बंद करून, तुमच्याकडे आले होते. आपले जळगावचे डॉक्टर वयाने लहान, तुमच्याच हाताखाली बालपणी स्तोत्रे शिकलेले. त्यांनी आपल्या दोघांना समोर बसवून पुढचा उपचार समजावून दिला.

तो प्रसंग आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. डॉक्टर टेबलावर दोन्ही हात ठेवून बोलत आहेत. "आबा, ग्रंथी काढली तरी तिचे काही कण मागे राहतातच, आणि रोगाचेही त्यांतच राहतात. गोळी चालू असली की शरीर तृप्त असतं, त्या कणांना कोणी विचारत नाही. गोळी बंद केली की मेंदू त्यांना हाका मारायला लागतो, उठा, आयोडीन ओढा. ते पुरते भुकेले झाले की मुंबईला तुम्हाला किरणोत्सर्गी आयोडीन पाजतील. ते कण अधाशासारखं ओढून घेतील आणि त्यातच मरतील. म्हणून पाच-सहा आठवडे गोळी बंद. तुम्हाला थंडी वाजेल, अंगाला सूज येईल, आवाज बसेल, झोप येईल, विसरायला होईल. घाबरायचं नाही. असं झालं म्हणजे आपलं काम नीट चाललंय." तुम्ही विचारलेत, "आणि मध्येच घेतली तर?" डॉक्टर म्हणाले, "तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि तिथली खोली पुन्हा केव्हा मिळेल हे मी सांगू शकत नाही." मग त्यांनी पथ्य सांगितले: आयोडीन घातलेले मीठ नको, दूध-दही नको, मासे नकोत, अंडी नकोत. तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "म्हणजे निम्मं पथ्य माझ्या पणजोबांनीच पाळून ठेवलंय."

स्वयंपाकघर माझ्याकडे होते. पुड्यातले मीठ मी वरच्या फळीवर ठेवून दिले आणि उपासाचे शेंदेलोण खाली काढले. चहा कोरा झाला. कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, वरून कच्चे तेल, असे साधे जेवण तुम्ही पाटावर बसून जेवत असा. ताक मागायला हात पुढे यायचा आणि स्वतःच मागे जायचा. पहिले काही दिवस तुमच्यात काहीच फरक पडला नाही. मग एका दुपारी, वैशाखातल्या जळगावच्या दुपारी, जेव्हा अंगणातल्या फरशीवर पाय ठेवता येत नव्हता, तुम्ही माझ्याकडे शाल मागितलीत.

देवळातला तुमचा वैशाखाचा नेम तुम्ही मोडला नाहीत. पण तुमचे रूप दिवसागणिक बदलत गेले, आणि ते लोकांनी कसे वाचले हे आपल्याला फार उशिरा कळले. पंचामृत हातावर पडले की तुम्ही ते डोळ्यांना लावून बाजूच्या मुलीच्या हातावर देत होतात. लोकांनी त्यात त्याग पाहिला. तुमच्या डब्यात शेंदेलोण होते. लोकांनी त्यात उपास पाहिला. सगळा गाव उकाड्याने तळमळत असताना तुम्ही शाल गुंडाळून स्वस्थ बसलेले. लोक म्हणू लागले, आबांना आता ऊन बाधत नाही. चेहरा सुजून फिकट आणि गुळगुळीत झाला होता. त्याला तेज म्हटले गेले. आवाज घोगरा झाल्यामुळे तुम्ही मोजके बोलू लागलात, ते मौन ठरले. आणि पोथीच्या आधी भजन चालू असताना तुमचे डोळे मिटून मान किंचित झुकायची, तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींना कोपराने खुणावून हात जोडायच्या.

त्यात भर घातली आपल्या भाऊंनी. देवस्थानचे कारभारी, धान्याच्या दुकानाचे मालक, मनाने निर्मळ आणि ध्वनिक्षेपक हातात आला की थांबता न येणारे. प्रवचन थोडे आखडते का घेतले जाते, हे लोकांना सांगणे त्यांना आवश्यक वाटले असावे. त्यांनी एके दिवशी जाहीर केले, "मंडळी, आपल्या आबांनी हा वैशाख महिना औषध सोडलेलं आहे. तेव्हा सर्वांनी शांतता राखावी." एवढेच. त्यात खोटे काही नव्हते. पण आपल्याकडे वैशाखात कोणी पादत्राणे सोडतो, कोणी एखादे धान्य सोडतो, कोणी गादी सोडून चटईवर निजतो. महिनाभराचा नेम देवापुढे बोलून धरायचा आणि पौर्णिमेला त्याची सांगता करायची ही रीत. देवळात, वैशाखात, पुराणिकाने काही सोडले असे कानांवर पडल्यावर ऐकणाऱ्याने दुसरा अर्थ घ्यावा कसा? मंडप भरू लागला. चाळीसगावहून, पाचोऱ्याहून ओळखीपाळखीचे लोक तुमच्या दर्शनाला येऊ लागले. मला वाटले, आजारी माणसाला भेटायला येत आहेत. मी त्यांना सरबत देत होते.

आणि मग ती संध्याकाळ. तुम्ही पोथीवरचे वस्त्र सोडत होतात. पहिल्या रांगेत गडबड उडाली. अक्कांनी पदर नाकाला लावला होता आणि पांढऱ्या पदरावर बघता बघता लाल डाग पसरत चालला होता. रक्त थांबेना. त्यांना आडवे करू लागलो तर त्या उठू पाहत होत्या, म्हणत होत्या, "माले काय व्हस? मी बरी शे. पोथी चालू द्या." मुलाने रिक्षा आणली. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि मुलाकडे पाहिले. रोजच्या गोळ्या चालू आहेत ना, असे विचारल्यावर मुलगा आईकडे पाहू लागला. मी त्यांचा हात धरून बसले होते. अक्का अगदी सहज म्हणाल्या, "आबानी गोई सोडी दिधी. त्यास्ले काय व्हयनं? उलट तेज वाढनं. मंग मीबी सोडी दिधी. पुनवले सांगता करसू." डॉक्टर माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "ताई, हे देवळात अजून किती जणांनी केलं असेल?"

घरी येऊन मी तुम्हाला सांगितले. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात. एरवी अशी वार्ता ऐकून तुम्ही ताडकन उठला असतात. त्या दिवशी माझे वाक्य तुमच्यापर्यंत पोहोचायलाच वेळ लागला. ते पोहोचल्याचे मला तुमच्या डोळ्यांत दिसले. तुम्ही विचारलेत, "अक्का?" मी म्हटले, "वाचल्या. दोन दिवस तिथंच ठेवणार आहेत." मग तुम्ही म्हणालात, "उद्या मला बोललं पाहिजे."

भाऊंनाही बोलावणे गेले. ते आले ते हात जोडूनच. चूक झाली हे त्यांना पटले होते, पण उपाय मात्र त्यांनी व्यापाऱ्याच्या धोरणाने सुचवला. "आबा, मी माइकवर सांगतो ना, की ज्याने त्याने आपापल्या डॉक्टरला विचारावं. तुमचं नाव कशाला मध्ये? लोकांची केवढी श्रद्धा बसलीय. चाळीसगावहून माणसं येतायत! ती मोडून काय साधणार?" तुम्ही म्हणालात, "ती माझ्यावर बसलेली नाही भाऊ, माझ्या सुजेवर बसलीय." भाऊंना हसावे की नाही कळेना. मग मी बोलले. तुमची अवस्था मला दिसत होती: दोन वाक्यांमध्ये तुम्ही हरवत होतात, सकाळी संध्येतले आचमन झाले की नाही हे मला विचारत होतात. ज्यांनी उभा जन्म पाठांतरावर काढला, त्यांना भरल्या मंडपात असे पाहण्याची माझी तयारी नव्हती. मी म्हटले, "आबा, तुम्ही बसून राहा. मी सांगते सगळं." तेव्हा तुम्ही मला जे सुनावलेत ते त्या बसक्या आवाजातही लखलखीत होते. "चूक माझ्या नावावर झालीय. निस्तरायला तुझा गळा कशाला? तू माझ्याजवळ बस, एवढंच कर." नंतर म्हणालात, "आणि गोळीकडे बघू नकोस. घेणार नाही." मी खरेच फडताळाकडे पाहत होते. उद्यापुरती बुद्धी उजळ व्हावी म्हणून कोणालाही तो मोह झाला असता. डॉक्टर पुढे म्हणालेही, की एका गोळीने उद्याचे डोके उजळत नसते, आणि घेतच राहिलो तर इतके दिवस सोसलेले मात्र पाण्यात जाते. पण तुम्हाला त्या घटकेला ते माहीत नव्हते, आणि तरीही तुम्ही तिला हात लावला नाहीत.

दुसऱ्या दिवशी मंडपात बसायला जागा नव्हती. तुमच्या आसनाच्या खाली, डाव्या बाजूला, तुम्ही मला बसवलेत. त्या देवळात त्या जागी त्याआधी कोणी स्त्री बसलेली मी पाहिली नव्हती. कुजबुज झाली ती तुम्ही ऐकलीत की नाही मला ठाऊक नाही. तुम्ही पोथी उघडली नाहीत. शाल सावरून म्हणालात, "आज मी कथा सांगणार आहे ती माझ्या गळ्याची." लोक पुढे सरकले. तुम्ही एक एक शब्द उचलून ठेवल्यासारखे बोलू लागलात. समुद्रमंथन झाले. अमृत निघाले. देवांची पंगत बसली, असुरांची पंगत बसली. "त्यात एक असुर होता. हुशार. तो वेष पालटून देवांच्या पंगतीत जाऊन बसला. आधी कोणाला ओळखू आला नाही. माझ्या गळ्यात असेच काही बसलेत. माझ्याच देहाचा वेष घेऊन. त्यांना ओळखायचं कसं? तर त्यांची तहान वाढवायची. तहानलेला स्वतःहून ओंजळ पुढे करतो. म्हणून माझी गोळी बंद आहे. आता पंगत बसली. वाढप सुरू झालं. त्या असुराच्या ओंजळीत अमृत पडलं. त्यानं ते तोंडाला लावलं, आणि ते..."

आणि तुम्ही थांबलात.

आबा, ती शांतता मी जन्मात विसरणार नाही. ही कथा तुम्ही मला पाळण्यात सांगितली असेल. मंडपातल्या लहान पोरालाही पुढचे ठाऊक होते. तुमचे ओठ हलले आणि त्यांतून काही आले नाही. लोकांनी ते समाधीचे लक्षण समजून हात जोडले. त्या क्षणी तुम्हाला डोळे मिटून घेता आले असते. तसे केले असते तर त्या दिवसापासून तुम्ही जळगावचे महाराज झाला असतात. तुम्ही डोळे उघडे ठेवलेत, माझ्याकडे वळलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलेत, "पुढं काय ग?"

मी म्हटले, "ते कंठापर्यंत गेलं, आबा. आणि तिथंच वरून चक्र आलं."

"हां. चक्र आलं." तुम्ही लोकांकडे वळलात. "पाहिलंत? हे मला आठवलं नाही. मला! गोळी बंद केली की असं होतं. ज्याला तुम्ही समाधी म्हणता ना, ती ही. मला झोप येते. ज्याला तेज म्हणता, ती सूज आहे. ऊन बाधत नाही असं म्हणता. मला थंडी वाजते हो, या वैशाखात थंडी वाजते. यात देवाचं काही नाही. मी काही सोडलेलं नाही. डॉक्टरांनी काढून घेतलंय, एका कामासाठी, थोड्या दिवसांसाठी. मुंबईहून आलो की मी ती गोळी पुन्हा घेणार आणि मरेपर्यंत रोज घेणार. तुमच्या गोळ्या वेगळ्या आहेत. त्या सोडल्या तर तहान कोणाची वाढत नाही, आयुष्य तेवढं कमी होतं. अक्का आज दवाखान्यात आहेत. माझ्यामुळे." श्वास घेण्यासाठी तुम्ही थांबलात. "आता आणखी कोणी सोडल्यात? लाजू नका. हात वर करा."

कोणी हलेना. मग मागून एक हात वर आला. पागोटे घातलेले एक आजोबा. त्यांच्या शेजारी बायकांमध्ये दोन. मग खांबाजवळ. भाऊ माइकपाशी उभे होते. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि मग, तुम्हाला सांगते आबा, त्यांनी तोच हात हळूच वर केला. त्यांची मधुमेहाची गोळी होती. "भाऊ!" तुम्ही म्हणालात. "तुम्हीपण?" भाऊ माइकवरच बोलून गेले, "आबा, कारभाऱ्यानं मागं कसं राहायचं?" सारा मंडप हसला, तुम्हीही त्या घोगऱ्या आवाजात हसलात. मग तुम्ही आज्ञा केलीत: नेम करायचाच असेल तर नेमाने गोळी घ्यायची. उद्यापासून वैशाख संपेपर्यंत प्रत्येकाने आपली वेळेची गोळी घेऊनच देवळाची पायरी चढायची. भाऊ रोज पोथीच्या आधी माइकवरून विचारू लागले, "मंडळी, गोळ्या झाल्या का?" आणि मंडपातून "झाल्या!" असा गजर उठू लागला.

त्यानंतर गर्दी ओसरली, ही गोष्ट मी लपवत नाही. चाळीसगावहून आलेले एक गृहस्थ जोडे घालताना शेजाऱ्याला म्हणत होते, "आम्ही पाय धुऊन तीर्थ घ्यायला आलो, हे तर निघाले पेशंट!" मी संतापून घरी येऊन सांगितले, तर तुम्ही पायांकडे पाहत म्हणालात, "बरं झालं बाई. आधीच सुजलेत." अक्का मात्र चौथ्या दिवशी खांबाशी हजर होत्या. त्यांनी गोळीचे पाकीट कमरेच्या पिशवीतून काढून तुम्हाला लांबूनच दाखवले आणि डोळे मोठे करून दटावले, "मी तं खादी. तुमी मुंबईले कवय जातस?"

मुंबईची तारीख आली. गाडीत तुम्ही बहुतेक वाट झोपलात. तिथल्या खोलीत तुम्हाला एकट्याला ठेवले, कारण औषध घेतल्यावर काही दिवस तुमच्या देहातूनच किरण बाहेर पडत होते. मी दारापलीकडे उभी राहून बोलायची. तिथल्या तरुण डॉक्टरांनी रक्ताचा तपास पाहून सांगितले की तयारी उत्तम झाली आहे, अशी शिस्त फार थोडे रोगी पाळतात. मीच त्यांना सांगितले की ही शिस्त पाळताना यांना काय काय मोडावे लागले. त्यांना ते कळले असेल असे वाटत नाही. पुढच्या तपासणीत मान स्वच्छ निघाली. गोळी पुन्हा सुरू झाली. शाळेतून रजा काढून मी तुमच्यापाशीच राहिले. आषाढ येईतो सूज उतरली, आवाज पूर्वीच्या जागी आला, आणि एका पहाटे स्नानगृहातून तुमचे पाठांतर एकही अक्षर न अडखळता ऐकू आले, तेव्हा मी कणीक मळता मळता थांबले. त्यानंतर तुम्ही पुष्कळ वर्षे जगलात आणि गेलात ते वार्धक्याने.

तुमच्या पश्चात मीही देवपुरात प्रवचने करू लागले. माझे केस पांढरे झाले आहेत. लोक मला वाकून नमस्कार करतात, आणि त्यांच्या गोळ्यांची चौकशी केल्याशिवाय मी त्यांना उठू देत नाही. परवा माझ्या निरूपणाचा विषय अभिमान हा होता. कुळाचा टाकावा, विद्येचा टाकावा, तपाचा तर आधी टाकावा, असे मी तासभर सांगितले. शास्त्राला धरून सांगितले, आणि लोकांनी माना डोलावल्या. घरी आले, दिवा लावला, आणि तुम्हाला हे लिहायला बसले. हे पाठवायचे कुठे हा प्रश्नच नाही. परंतु लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण निरूपण करताना मला त्या मंडपात थांबलेले, उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे वळलेले तुम्ही दिसत होतात, आणि माझी मान ताठ होत होती. तेवढा एक अभिमान मी टाकलेला नाही, आबा. टाकून पाहिलेलाही नाही. समोर बसलेल्यांना हे मी सांगितले नाही, आणि पुढेही सांगेन असे वाटत नाही.